मराठवाड्यातील ज्वारी आणि वनस्पतीचे कालभान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीनमहसूल, दुष्काळ, सिंचन व बाजारभाव या अंगांनी झाले आहे. पीक स्वतः काळ कसा ओळखते, हा प्रश्न मात्र वनस्पतिशास्त्राचा मानून इतिहासाने बाजूला ठेवला. आष्टी (ता. परतूर, जि. जालना) परिसरातील काळ्या जमिनीच्या व ज्वारीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वनस्पतीचे कालभान :

१९२० मध्ये अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी सोयाबीन व तंबाखूवरील प्रयोगांतून फुलोऱ्याचा दिनमानाशी असलेला संबंध सिद्ध केला. सोयाबीनचे 'बिलॉक्सी' वाण निरनिराळ्या तारखांना पेरले तरी जवळपास एकाच सुमारास फुलत असे. १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी वनस्पती दिवसापेक्षा अखंड रात्रीची लांबी मोजते, हे दाखविले. १९५२ मध्ये बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या प्रकाशाने बी रुजते व दूर-तांबड्या प्रकाशाने ते थांबते, हे सिद्ध केले. यातूनच 'फायटोक्रोम' या प्रकाशग्राही रंगद्रव्याचा शोध लागला.

आष्टी परिसरातील दिनमान जूनमध्ये सुमारे १३ तास २० मिनिटे, तर डिसेंबरमध्ये सुमारे ११ तास असते. एवढा फरक ज्वारीसारख्या लघुदिनी पिकास पुरेसा ठरतो. खरिपाचे उंच गावरान वाण मृगात पेरले काय किंवा आर्द्रात, दिवस आखूड झाल्यावरच निसवत असे. परिणामी दाणा भरेपर्यंत पाऊस ओसरलेला असे.

संकरित ज्वारीचा काळ :

१९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याच वर्षी जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' या बियाणे कंपनीची स्थापना केली. नवा वाण ठेंगणा, दिनमानाला फारसा न जुमानणारा व सुमारे १०० दिवसांत पक्व होणारा होता. उत्पादन वाढले. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या प्रदेशात या वाढीचे मोल नाकारता येणार नाही. तथापि कणसे लवकर पक्व होत असल्याने ती परतीच्या पावसात सापडत. दाण्यांवर बुरशी चढून ज्वारी काळी पडे व तिला कमी भाव मिळे. गावरान वाणाची संथ वाढ ही केवळ उणीव नव्हती, तर ते पावसापासूनचे संरक्षणही होते.

रब्बीत चित्र वेगळे राहिले. मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण जमिनीतील ओलाव्यावर तग धरून आजही टिकून आहे. उत्तरा व हस्त नक्षत्रांतील पेरणीचा संकेत या पिकाच्या स्वभावाशी जुळणारा आहे. २०२४ मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले, ही बाबही येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :

१. नक्षत्रांवर आधारित पेरणी ही निव्वळ श्रद्धा नसून तीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे.

२. वाण बदलला की पिकाचे घड्याळ बदलते. त्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते.

३. आज खरिपात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. तेही लघुदिनी पीकच आहे. पाऊसमान बदलत असले तरी दिनमान बदलत नाही. म्हणून वाणाची निवड करताना उत्पादनाबरोबरच त्याच्या कालभानाचाही विचार होणे अगत्याचे आहे. वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या स्मृतीत असलेली गावरान वाणांची माहिती वेळीच नोंदवून ठेवणे, हे या भागातील इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.