सोडलेला नारळ

नायगाव सोडून गाडी भाईंदरकडे निघाली की वसईच्या खाडीवर एकापाठोपाठ दोन पूल लागतात. त्या दोन पुलांच्या मधे जे बेट लागतं ते पाणजू. आगरी-कोळ्यांचं गाव. मासळी, मिठागर, रेती, थोडी शेती यांवर वाढलेलं. गाड्या गावाच्या अंगावरून जातात, पण गावाला स्टेशन नाही आणि रस्त्याचा पूलही नाही. माझी आत्या तिथे दिलेली. सुट्टीत आम्ही पोरं नायगावच्या धक्क्यावरून होडीत बसून तिच्याकडे जायचो. गावात येणारं सगळंच होडीतून यायचं: तांदूळ, कौलं, नवरी, गणपती. आणि माणूस बाहेर दवाखान्यात गेलं, तर त्याचं मयतही.

या खाडीने पोर्तुगीजांची गलबतं पाहिली, 1739 साली वसई घेणाऱ्या चिमाजी अप्पांची फौज पाहिली. पण खाडीकाठचं जगणं खरं बदललं ते रेल्वेने. 1864 साली बी.बी.सी.आय. कंपनीची लाईन गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत पोचली. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. 1936 साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. वसईची भाजी, केळी, फुलं, दूध मुंबईला जाऊ लागलं आणि मागोमाग माणसंही नोकरीला लागली.

पाणजूकरांना या पुलाचा उपयोग एवढाच, की होडी नसेल तेव्हा रुळांच्या कडेच्या अरुंद वाटेने चालत नायगाव गाठायचं. वारा सुटला, होडी बंद पडली, तरी कामावर जाणाऱ्याला खाडा परवडत नाही.

आमच्या खाडीकाठी देवाचं काही पाण्यात द्यायचं तर एक रीत होती. भरती बघून गुडघाभर पाण्यात उतरायचं, वाकायचं, ओंजळ पाण्याला टेकवायची आणि मग हात काढून घ्यायचा. नारळी पुनवेला कोळी दर्याला नारळ देतात तोही असाच मानाने. म्हणून शब्द ‘सोडणे’. निर्माल्य सोडलं, नारळ सोडला, दिवा सोडला.

गाडीने ही रीत मोडली. मुंबईला निघालेल्या माणसाला खाली उतरून वाकायला वेळ कुठला? पिशवीला गाठ मारायची, दारात उभं राहायचं, पूल आला की हात झटकायचा. तोंडाने आपण अजून ‘सोडला’ म्हणतो. हात मात्र फेकतो.

हे मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाही. नोकरीला लागलो तेव्हा घट उठले की आई पहाटे डब्यासोबत एक पिशवी द्यायची. “पोऱ्या, यो नारल खारीन सोर.” मी पुलावर ती भिरकवायचो आणि छातीला हात लावायचो. पाण्यात पडली की नाही, हे वळून बघितल्याचं एकदाही आठवत नाही. गर्दीत बघताही यायचं नाही.

आत्याने मला एकदा सांगितलं होतं. पुलावरून चालताना गाडी आली की ती डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरून कठड्याला चिकटायची. “लोक देवाचा नारल टाकतान, तो आमचे डोक्यान परतो,” ती हसत म्हणाली. मीही हसलो. पुढच्या वर्षी आईने दिलेली पिशवी पुन्हा टाकली.

2025 च्या नवरात्रात पाणजूचा एक तरुण सकाळी कामाला निघाला होता. पुलावरून चालताना धावत्या लोकलमधून कुणीतरी फेकलेला नारळ त्याच्या डोक्याला लागला. दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही. त्याचं नाव पेपरात आलं होतं. मी इथे लिहीत नाही. फेकणाऱ्याचं नाव तर त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. तो छातीला हात लावून पुढच्या स्टेशनवर उतरला असेल.

ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून हातातून नुसता सुटलेला नारळसुद्धा सेकंदाला सोळा-सतरा मीटर वेगाने पुढे जातो. भक्तीने हा वेग कमी होत नाही.

मी आतेभावाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, “गाव गप हाय.” पुढे मला विचारायचं सुचलं नाही. लहान बेटावर सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. कुणाचा भाचा, कुणाचा वर्गमित्र, कुणी कडेवर खेळवलेलं पोर. सुतक एका घराचं असतं, पण घास साऱ्या आळीच्या घशाखाली उतरत नाही. शेजारणी भाकरी-कालवण घेऊन जातात, दारात बसतात, बोलत नाहीत. म्हातारं माणूस गेलं तर त्याच्या गोष्टी निघतात. तरण्या पोराच्या गोष्टी काढायच्या कुणी?

त्याच्या आधीही पुलावर माणसांना लागलं होतं. तेव्हा आपण ऐकलं नाही. मी तर हसलो होतो.

त्या वर्षी दसरा झाल्यावर घरचं निर्माल्य मी परसातल्या आळ्यात पुरलं. नारळ फोडला, खोबरं आळीतल्या पोरांना वाटलं. आई असती तर रागावली असती की नाही, सांगता येत नाही. पण पाणजूचं नाव काढलं असतं, तर ती गप्प बसली असती.

अजून गाडी पुलावर आली की दारातले हात बाहेर निघतात. मी शेजारच्याला हळूच सांगतो, “दादा, खाली वाट आहे. माणसं चालतात.” कुणी ऐकतो, कुणी माझ्याकडे वेड्यासारखं बघतो.