कॉलबॅकला इव्हेंट कोण देतं?

बीड जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांची यादी असलेला फॉर्म समजा. तुम्ही गेवराई निवडलं की खाली तिथली गावं दिसायला हवीत. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘ॲडइव्हेंटलिसनर’ला दोन गोष्टी द्यायच्या: ‘चेंज’ हे इव्हेंटचं नाव आणि आपलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक. निवड बदलली की ब्राउझर स्वतःच ते फंक्शन चालवतो आणि त्याला इव्हेंट ऑब्जेक्ट देतो. त्यातल्या ‘टार्गेट’च्या ‘व्हॅल्यू’त गेवराई सापडतं.

घोळ होतो तो कंसामुळे (मीही फसलोय). फंक्शनच्या नावापुढे कंस लावले, तर ते लिसनर जोडतानाच, निवड होण्याआधी चालून मोकळं होतं. मग गावांची यादी रिकामीच! जिल्ह्याचं नावही सोबत पाठवायचंय? मग मध्ये छोटं ॲरो फंक्शन लिहा. ते इव्हेंट घेतं आणि दोन्ही गोष्टी तुमच्या फंक्शनला देतं.