न्यूपोर्टची दाद

मैफलीचं चित्रण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मधोमध गायक, मागे तानपुरे, आणि कॅमेरा दोन तास एकाच जागी. समोर बसलेले रसिक दिसतच नाहीत, त्यांचं ‘क्या बात है’ तेवढं ऐकू येतं. आज ज्या चित्रपटाबद्दल मी बोलणार आहे, त्यात कॅमेरा समोरच्या माणसांकडे वळला आणि तिथेच रमला. चित्रपट आहे ‘जॅझ ऑन अ समर्स डे’. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचं समुद्रकाठचं श्रीमंतांचं गाव आहे. तिथे जुलै १९५८मध्ये झालेल्या जॅझ महोत्सवाचं हे चित्रण.

चित्रपट काढणारा बर्ट स्टर्न तेव्हा २८ वर्षांचा होता. व्यवसाय जाहिरातींच्या छायाचित्रांचा. वोडकाच्या एका जाहिरातीत पेल्यामध्ये पिरॅमिडचं उलटं प्रतिबिंब दाखवून त्यानं नाव कमावलं होतं. सिनेमा मात्र आधी कधी केलेला नव्हता आणि पाठीशी कुठला मोठा स्टुडिओही नव्हता. महोत्सवाच्या पार्श्वभूमीवर एक गोष्ट रंगवायचा त्याचा बेत होता. तो बारगळला, हे आपलं नशीब म्हणायचं. उरलं ते संगीत, समुद्र आणि माणसं. संकलन केलं अराम अवाकियन यानं. त्याचा भाऊ जॉर्ज हा कोलंबिया रेकॉर्ड कंपनीतला जाणकार. संगीताची बाजू त्यानं सांभाळली.

तोवर पडद्यावरचं जॅझ म्हणजे काळोखी खोली, सिगारेटचा धूर आणि कृष्णधवल चित्र. इथे ते लख्ख उन्हात आलं, तेही रंगीत. दुपारच्या वेळी अनिता ओ’डे मंचावर येते. काळा पोशाख, पांढरे हातमोजे, पिसं लावलेली रुंद टोपी. पहिल्या गाण्याचे शब्द ती इतके ताणते, तोडते, की आपल्याकडची बोलबनावाची ठुमरी आठवावी. आणि कॅमेरा? तो अधूनमधून खुर्च्यांमधून फिरतो. कुणी आइस्क्रीम खातंय, कुणी डोळे मिटून मान डोलावतंय. प्रत्येक चेहरा त्याच गाण्याला दाद देत असेल असं नाही. संकलकाच्या टेबलावर चेहरे इकडचे तिकडे होतातच. तरी दाद खरी वाटते.

मला सर्वांत आवडतो तो तुकडा मंचावरचा नाहीच. चिको हॅमिल्टनच्या संचातला चेलोवादक एका खोलीत एकटाच बाखची रचना वाजवत बसलाय. अंगात शर्ट नाही. मध्येच थांबतो, सिगारेट पेटवतो, पुन्हा गज उचलतो. जॅझ महोत्सवात बाख! रियाज कसा असतो, हे इतक्या कमी वेळात दाखवणारं दुसरं दृश्य मी पाहिलेलं नाही.

याउलट थेलोनियस मंक पियानोवर बसतो आणि कॅमेरा चक्क शिडाच्या होड्यांच्या शर्यतीकडे निघून जातो. त्या उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या समुद्रात अमेरिकाज कप या शर्यतीची तयारी चालू होती. होड्या देखण्या आहेत, पण मंकची बोटं पाहायची सोडून शिडं कोण पाहणार? जॅझच्या जाणकारांचा हा राग मला पटतो.

निवेदन करणारा विलिस कोनोव्हर याचा आवाज भारतातल्या जॅझप्रेमींनाही अनोळखी नव्हता. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून शॉर्टवेव्हच्या खरखरीत तो रात्री ऐकू यायचा. त्याच १९५८ साली डेव्ह ब्रूबेकचा संच अमेरिकी सरकारच्या वतीनं भारतात वाजवून गेला होता. जॅझ म्हणजे अमेरिकेच्या मोकळेपणाचं निशाण, असं जगाला सांगायचा तो काळ. घरी परिस्थिती वेगळी होती. आदल्याच वर्षी लिटल रॉक इथे काळ्या मुलांना शाळेत जाण्यापासून अडवलं गेलं, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगनं सरकारी सोव्हिएत दौऱ्याला नकार दिला होता. चित्रपटात तोच आर्मस्ट्राँग हसतो, किस्से सांगतो, ट्रम्पेट वाजवतो. समोर काळे आणि गोरे श्रोते शेजारी शेजारी बसलेत. त्या चेहऱ्यांपलीकडे चित्रपट काही बोलत नाही.

शेवटी शनिवारची मध्यरात्र उलटते. रविवार लागला असं कोनोव्हर जाहीर करतो आणि महालिया जॅक्सन गायला उभी राहते. नाचणारी गर्दी बघता बघता प्रार्थनेला बसल्यासारखी होते. कीर्तनात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९५९मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली जिथे गौरवला गेला, तोच हा महोत्सव. पहिलाच चित्रपट करणाऱ्या छायाचित्रकाराला ही मोठी दारं उघडली. पुढे ‘माँटेरे पॉप’, ‘वुडस्टॉक’ असे मैफलीचे चित्रपट आले, त्यांतही श्रोत्यांना गायकांइतकीच जागा मिळाली. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत याचा समावेश झाला.

पण त्या महोत्सवात माइल्स डेव्हिसही वाजवून गेला होता, जॉन कोल्ट्रेनला सोबत घेऊन. ड्यूक एलिंग्टन होता, ब्रूबेक होता. चित्रपटात यांपैकी एकाचंही वादन नाही.

अमेरिकेत चित्रपट मार्च १९६०मध्ये लागला. त्याच जुलैत न्यूपोर्टला आत शिरू न मिळालेल्या तरुणांनी दंगल केली, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं आणि महोत्सव अर्ध्यावर गुंडाळला गेला. त्याच दिवसांत, त्याच गावात, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी क्लिफ वॉक मॅनर या हॉटेलच्या आवारात स्वतंत्र महोत्सव मांडला होता. न्यूपोर्टचा बाजार झालाय आणि कलाकारांना योग्य मोबदला मिळत नाही, ही त्यांची तक्रार. मंच उभारण्यापासून पैसे गोळा करण्यापर्यंतची कामं वादकच करत होते. त्या बंडाची आठवण म्हणून ‘न्यूपोर्ट रेबल्स’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. ती नंतर स्टुडिओत मुद्रित केलेली आहे. तिच्यात श्रोते नाहीत.