लासलगावच्या मुरमी वाटा

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एंपोरिया या गावी २००६ साली मोजक्या सायकलस्वारांनी डांबरी सडक टाळून खडीच्या वाटांनी दोनशे मैलांची शर्यत आरंभिली, आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरली. या ‘ग्रॅव्हल बाइक’चे वेड आता आपल्याकडील हौशी मंडळींपर्यंत येऊन पोहोचले आहे. नाशिकला तर सायकलीचे प्रेम आधीपासूनच आहे, कारण २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही खडतर शर्यत पुरी करणारे डॉक्टर महाजन बंधू याच शहरचे.

निफाड तालुक्यातील जुन्या माणसास यात अपूर्व ते काय, असा प्रश्न पडला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. चाळीस मिलिमीटरच्या आसपासची टायरची रुंदी हे जे या नव्या वाहनाचे वैशिष्ट्य सांगतात, ती रुंदी आमच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीच्या दीड इंची टायरांना पहिल्यापासूनच होती. आणि कॅरिअरवर दुधाच्या किटल्या नि दांडीवर धाकटे पोर घेऊन ती सायकल शिवारातून लासलगावच्या बाजारापर्यंत बिनतक्रार येत असे. तिची खोड एकच होती. पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्ड आणि टायर यांच्या सांदीत असे ठाण मांडी की चाक जागच्या जागी जखडून जाई, आणि स्वाराला उतरून बाभळीच्या काटकीने ती उकरावी लागे. नव्या सायकलीच्या चिमट्यात मातीसाठी मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते, ही सुधारणा मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. किमतीविषयी न बोललेलेच बरे.

परंतु सायकलीपेक्षा तिच्याखालच्या वाटेचा इतिहास अधिक मोठा आहे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव काळ्या रानात खोल चाकोरी पाडी, आणि ती बुजविण्यासाठी माळाचा मुरूम वाहून आणून पसरणे हे गावाचे काम असे. दुष्काळ पडला की सडक बांधावी, हा तर इंग्रजी अमलापासूनचा सरकारी शिरस्ता; १८७६ ते ७८ च्या आणि पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात दख्खनमध्ये हजारो भुकेली माणसे दगड फोडून पोट भरीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा झाला, पाट निघाले, आणि पाटाच्या भरावावरून नवी वाट पडली. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लक्षावधी स्त्री-पुरुष हातोडी घेऊन खडीच्या ढिगाशी बसले. ढिगाचे मोजमाप व्हावे, हजेरीपटावर अंगठा उठावा, मग मजुरी मिळावी, असा तो क्रम होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला, तो याच अनुभवातून. त्या कामांतील काही रस्ते कोठेच पोहोचत नव्हते, ही त्या काळची तक्रार खोटी नव्हे. पण शहरी स्वार ज्या खडीवर आज हौसेने चाक घालतो, तिची जात ही अशी आहे.

लासलगावची बाजार समिती १९४७ ची. बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, २००० सालानंतर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने खेड्यांना डांबर दिले, आणि मुरूम उरला तो शेतापर्यंतच्या पाणंदींवर. हादऱ्यांनी कांदा खरचटतो, खरचटलेला कांदा चाळीत सडतो, म्हणून शेतकऱ्याला हवा असतो तो पक्का रस्ता. शासनाने पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली योजना काढली, तिच्यामागेही हीच निकड होती. एकाची चैन ती दुसऱ्याची अडचण, हे येथे उघडच आहे, आणि माझा कौल शेतकऱ्याच्या बाजूने आहे. तूर्त वसंतात उन्हाळ कांदा निघू लागला की या पाणंदींवर ट्रॉल्यांची वर्दळ वाढते, दबलेला मुरूम पुन्हा उखडतो, आणि सायकलस्वाराला बांधावर उतरून आधी कांद्याला वाट द्यावी लागते.