जुना सर्व्हर निवृत्त करताना

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रोग्रॅमने युक्रेनपासून सुरुवात केली आणि काही तासांत जगभरातील संगणक निकामी केले. त्याचा फटका आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरालाही बसला. तेथे मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवीत असलेल्या टर्मिनलचे संगणक बंद पडले व कंटेनरची ने-आण विस्कळीत झाली. या एका हल्ल्याने आपले २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे मर्स्कने पुढे जाहीर केले. दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

‘वायर्ड’ मासिकाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात या पुनर्बांधणीतील एक विलक्षण हकीकत आहे. कंपनीचे सुमारे दीडशे ‘डोमेन कंट्रोलर’ एकमेकांच्या प्रती बाळगून होते. त्यामुळे एखादा बिघडला तरी दुसरा आहेच, असा भरवसा होता. पण सर्व एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो केवळ घाना देशातील एक. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे! त्या एका प्रतीसाठी घानातील कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळापर्यंत प्रवास केला आणि तेथून ती इंग्लंडला नेण्यात आली.

एवढ्या मोठ्या कंपनीचे काम ज्या एका प्रतीवाचून अडले, त्या प्रतीत असते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर समजले, की जुना सर्व्हर बदलण्याचे काम नवे यंत्र खरेदी करण्याइतके सोपे का नाही, हेही ध्यानात येते.

डिरेक्टरी म्हणजे काय?

कार्यालयातील हजेरीचे मस्टर, ओळखपत्रांची नोंदवही आणि किल्ल्यांचा फळा या तिन्हींचे काम एकत्रितपणे करणारा डेटाबेस म्हणजे नेटवर्कची डिरेक्टरी. कोणता कर्मचारी कोण, त्याचा पासवर्ड कोणता, तो कोणत्या गटात मोडतो, हे सारे तिच्यात नोंदलेले असते. ही डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. सकाळी कर्मचारी आपल्या संगणकावर नाव व पासवर्ड देतो, तेव्हा त्याची ओळख हाच सर्व्हर पटवितो.

या कल्पनेचा पाया ‘एक्स.५००’ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. त्याची सुटसुटीत आवृत्ती असलेला ‘एलडॅप’ हा प्रोटोकॉल १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात विकसित झाला. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने ‘नेटवेअर ४’ सोबत आपली डिरेक्टरी बाजारात आणली. मायक्रोसॉफ्टच्या १९९६ मधील ‘विंडोज एनटी ४’ मध्ये नोंदी बदलण्याचा अधिकार एकाच मुख्य सर्व्हरला होता. इतरांकडे केवळ वाचण्यापुरती प्रत असे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘विंडोज २०००’ आले आणि त्यासोबत ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’. तिच्यात कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर केलेला बदल इतरांपर्यंत आपोआप पोहोचतो. या प्रक्रियेस रेप्लिकेशन म्हणतात. स्थलांतराचे सारे तंत्र याच सोयीवर आधारलेले आहे.

मुदत संपलेल्या प्रणाली

‘विंडोज सर्व्हर २००३’ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी, ‘२००८’ व ‘२००८ आर२’ यांचा १४ जानेवारी २०२० रोजी, तर ‘२०१२’ व ‘२०१२ आर२’ यांचा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपुष्टात आला. ‘२०१६’ या आवृत्तीची मुदत १२ जानेवारी २०२७ ही आहे. मुदत संपली म्हणजे सर्व्हर बंद पडतो असे नव्हे. तो पूर्वीप्रमाणेच चालत राहतो आणि नेमका तेथेच धोका असतो. नव्याने उघडकीस आलेल्या त्रुटींवर दुरुस्ती मिळणे थांबते. नॉटपेट्याने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक फायलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या ‘एसएमबी’ या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा होता. तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. परंतु ‘सर्व्हर २००३’ साठी ती त्या वेळी निघालीच नाही. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’चा उद्रेक झाल्यावर अपवाद म्हणून ती देण्यात आली. असा अपवाद दर वेळी होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

नावे तीच, ओळख वेगळी

अनेकांना वाटते, की नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे डोमेन आणि त्याच नावांची खाती उघडली, की झाले. येथेच मोठी फसगत होते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला निर्मितीच्या वेळी मिळालेल्या ‘एसआयडी’ नामक क्रमांकाने ओळखते. एखादे फोल्डर कोणी उघडावे, याची नोंदही त्या क्रमांकानेच होते. नवे खाते म्हणजे नवा क्रमांक. साहजिकच कालपर्यंत उघडणाऱ्या फायली आज उघडत नाहीत. कर्मचाऱ्याच्या संगणकावरही नवे प्रोफाइल तयार होते आणि डेस्कटॉपवर जपलेली कागदपत्रे नाहीशी झाल्यासारखी दिसतात. ती तेथेच असतात, पण दुसऱ्या ओळखीच्या नावे.

म्हणून डिरेक्टरी नव्याने लिहून काढावयाची नसते, तर ती आहे तशी पुढे न्यावयाची असते. नवा सर्व्हर जुन्याच डोमेनमध्ये अतिरिक्त डोमेन कंट्रोलर म्हणून दाखल करावा, रेप्लिकेशनने सर्व नोंदी त्याच्याकडे येऊ द्याव्यात आणि जबाबदाऱ्या सोपवून झाल्यावर जुन्यास निरोप द्यावा, हा राजमार्ग होय. जुन्या यंत्रावरच नवी प्रणाली चढविण्याचा मोह टाळावा. ‘२००३’ च्या बहुसंख्य प्रती ३२ बिटच्या होत्या आणि ‘२००८ आर२’ पासून पुढील सर्व आवृत्त्या केवळ ६४ बिटच्या आहेत. त्यामुळे तेथे तो मार्ग मुळातच बंद आहे.

पूर्वतयारी

घर बदलताना आपण अडगळ काढून टाकतो, तसेच येथेही करावे. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती, वर्षानुवर्षे न वापरलेले संगणक आणि पूर्वी बिघडून फेकून दिलेल्या सर्व्हरच्या उरलेल्या नोंदी आधी शोधाव्यात. नंतर ‘डीसीडायग’ व ‘रेपअ‍ॅडमिन’ या आज्ञांनी डिरेक्टरीची प्रकृती तपासावी. आजारी डिरेक्टरीचे आजार नव्या सर्व्हरवरही जसेच्या तसे जातात.

जुन्या सर्व्हरचा ‘सिस्टिम स्टेट’ बॅकअप घेऊन तो नेटवर्कपासून अलग ठेवावा आणि तो परत वाचता येतो की नाही, हे सुट्या यंत्रावर पाहावे. डिस्कची सरसकट प्रतिमा घेऊन तीच नंतर परत बसविणे, हा पर्याय जुन्या डोमेन कंट्रोलरबाबत घातक ठरतो. सर्व्हर भूतकाळात जातो. पण त्याचे सोबती वर्तमानात असतात आणि दोघांच्या नोंदींतील तफावत कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोड’ चा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, हेही आताच विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी तो बसविणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो.

स्थलांतराचे टप्पे

‘२००३’ वरून थेट ‘२०२५’ वर उडी घेता येत नाही. डोमेनमधील सर्वांत जुन्या कंट्रोलरवरून ठरणारी ‘फंक्शनल लेव्हल’ नावाची एक पायरी असते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला तिची किमान पातळी लागते. ‘सर्व्हर २०१६’ ला ‘२००३’ ची पातळी चालते. ‘२०१९’ व ‘२०२२’ यांना किमान ‘२००८’ ची, तर ‘२०२५’ ला ‘२०१६’ ची लागते. त्यामुळे मध्ये एक मुक्काम करणे अटळ आहे. क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१) जुन्या डोमेनची व फॉरेस्टची पातळी ‘२००३’ आहे याची खात्री करून ‘सर्व्हर २०१६’ चा नवा डोमेन कंट्रोलर दाखल करावा. या वेळी डिरेक्टरीचा आराखडा, म्हणजे स्किमा, विस्तारतो. हा बदल मागे घेता येत नाही. म्हणूनच बॅकअपचा आग्रह.

२) डोमेनमधील पाच विशेष जबाबदाऱ्या नव्या सर्व्हरकडे सोपवाव्यात. त्या अशा: स्किमा मास्टर, डोमेन नेमिंग मास्टर, रिड मास्टर, पीडीसी एम्युलेटर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर. ‘ग्लोबल कॅटलॉग’ही तेथे असावा.

३) घड्याळाकडे लक्ष द्यावे. केर्बेरॉस पद्धतीत दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडल्यास ओळख नाकारली जाते. डोमेनची वेळ पीडीसी एम्युलेटर ठरवितो. म्हणून ती जबाबदारी हलविल्यावर नव्या सर्व्हरला वेळेचा विश्वसनीय स्रोत जोडून द्यावा.

४) जुना कंट्रोलर पदमुक्त करून पातळी ‘२००८’ वा त्यापुढे न्यावी. त्यानंतर लॉगिन स्क्रिप्ट व ग्रुप पॉलिसी ठेवणाऱ्या ‘सिसव्हॉल’ फोल्डरचे रेप्लिकेशन जुन्या ‘एफआरएस’ पद्धतीवरून ‘डीएफएसआर’ वर आणावे. ‘२०१९’ पासूनच्या आवृत्त्या जुनी पद्धत स्वीकारत नाहीत.

५) पातळी ‘२०१६’ करून अखेरीस ‘२०२२’ वा ‘२०२५’ चे सर्व्हर त्याच रीतीने दाखल करावेत. डोमेन कंट्रोलर किमान दोन असावेत. एकाच सर्व्हरवर विसंबलेले कार्यालय हे एकाच किल्लीवर चालणाऱ्या तिजोरीसारखे असते.

फायलींचे स्थलांतर हे स्वतंत्र काम समजावे. ‘रोबोकॉपी’ योग्य पर्यायांसह वापरल्यास फायलींसोबत त्यांचे अधिकारही जातात. मात्र शेअरचे स्वतःचे अधिकार वेगळे नोंदलेले असल्याने ते वेगळे हलवावे लागतात.

कोठे अडते?

बहुतेक अडचणी डिरेक्टरीत नसून तिच्याभोवती असतात. पहिली डीएनएसची. संगणक डोमेन कंट्रोलरचा पत्ता डीएनएसला विचारतात. एखाद्या संगणकात जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता हाताने भरलेला असेल, तर सर्व्हर बंद होताच तो संगणक वाट चुकतो. डीएचसीपीतील पत्ता बदलण्याबरोबरच असे संगणक एकेक करून शोधावे लागतात.

दुसरी अडचण जुन्या उपकरणांची. स्कॅन केलेला कागद थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकणारी कित्येक कॉपियर यंत्रे ‘एसएमबी’ची पहिलीच आवृत्ती जाणतात आणि ‘सर्व्हर २०१९’ पासून ती मुळात बसविलेली नसते. ती पुन्हा सुरू करणे म्हणजे ज्या दारातून चोर शिरले, तेच दार उघडणे होय. यंत्राचे फर्मवेअर अद्ययावत करावे किंवा स्कॅन ई-मेलने पाठवावे, हे उत्तम.

तिसरी अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘२००३’ च्या काळातील पासवर्डसाठी ‘आरसी४’ या जुन्या पद्धतीच्या किल्ल्या तयार होत. ‘एईएस’ च्या मजबूत किल्ल्या ‘२००८’ पासून आल्या. खाते नव्या सर्व्हरवर आले तरी पासवर्ड बदलेपर्यंत त्याला नवी किल्ली मिळत नाही. बॅकअप वा हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड दहा-दहा वर्षे बदललेले नसतात. स्थलांतरानंतर ते अवश्य बदलावेत.

परवान्यांचा खर्च न परवडणाऱ्या संस्थांसाठी ‘साम्बा’ हा मुक्त स्रोत पर्याय आहे. डिसेंबर २०१२ मधील चौथ्या आवृत्तीपासून तो स्वतः अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर होऊ शकतो. मात्र सिसव्हॉलचे रेप्लिकेशन तो स्वतः करीत नाही. ती व्यवस्था निराळी करावी लागते. लिनक्स जाणणारा माणूस हाताशी असल्यासच हा मार्ग धरावा.

जुन्या यंत्राचा निरोप

जुना सर्व्हर पदमुक्त करण्यापूर्वी काही दिवस त्याची नेटवर्कची तार काढून ठेवावी. ज्याचे काम अडेल तो आपोआप सांगत येईल आणि विसरलेला दुवा सापडेल. अडचण आल्यास तार पुन्हा जोडता येते. मात्र ही परीक्षा महिनोन्महिने लांबवू नये. पुसलेल्या नोंदींची खूण डिरेक्टरी ठरावीक काळच जपते. जुन्या फॉरेस्टमध्ये ६० दिवस, नंतरच्यांमध्ये १८० दिवस. त्याहून अधिक काळ विलग राहिलेला कंट्रोलर परत जोडल्यास, काढून टाकलेली खातीही पुन्हा अवतरू शकतात. तसेच जुना सर्व्हर आकस्मिक बिघडल्यामुळे त्याच्या जबाबदाऱ्या बळाने काढून घ्याव्या लागल्या असतील, तर तो दुरुस्त झाला तरी पूर्वीच्या रूपात नेटवर्कवर कदापि आणू नये.

या साऱ्यासाठी मुहूर्तही नीट निवडावा. मार्चअखेर, पगाराचा आठवडा किंवा शाळेतील प्रवेशाचा काळ टाळावा. शुक्रवारी सायंकाळी काम सुरू करून सोमवारी सकाळी सर्वांसाठी खुले करणे सोयीचे वाटते. पण सोमवारी जाणकार माणूस कार्यालयात हजर असेल, हे आधी निश्चित करावे.

काम पूर्ण झाल्यावर नव्या सर्व्हरची नावे, पत्ते, जबाबदाऱ्या आणि परत उभारणीची रीत कागदावर लिहून पाकीट कपाटात ठेवावे. डिरेक्टरीचा एक बॅकअप कोणत्याही तारेला न जोडलेला, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावा. मर्स्कची डिरेक्टरी घानातील वीज गेल्यामुळे वाचली. आपली डिरेक्टरी वाचविण्यासाठी वीज जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.