भाटघर जलाशय : विस्तार, कमाल जमीनधारणा व वहिवाट

नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर, पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात असलेला सिंचन-जलाशय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या येथील धरणाचा साठा (व्हायटिंग जलाशय) अपुरा ठरल्यामुळे त्याच्या खालच्या अंगास अधिक उंचीचे लॉईड धरण उभारण्यात आले. १९२८ च्या सुमारास ते पुरे होऊन जुने धरण नव्या पाण्याखाली गेले आणि वाढीव साठ्यावर नीरेचा उजवा कालवा निघाला. बुडीत क्षेत्र पंतसचिवांच्या भोर संस्थानातील, तर पाण्याचा मोठा वाटा खालसा मुलखातील बारामती, इंदापूर, माळशिरस या अवर्षणग्रस्त तालुक्यांना, अशी वाटणी झाल्यामुळे ज्यांची जमीन गेली व ज्यांचे रान भिजले ते एका सरकारची रयतही नव्हते.

कालव्यांच्या लाभक्षेत्रात माळीनगर व वालचंदनगर येथे शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन उसाचे विस्तीर्ण मळे उभे राहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने तेथील साखर कारखान्यांकडील अतिरिक्त जमीन शासनाकडे आली व तिच्या व्यवस्थेसाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. १९७५ पासून ही मर्यादा पाच माणसांच्या कुटुंबास बारमाही बागायतीची १८ एकर व जिरायतीची ५४ एकर अशी आहे. म्हणजे पाण्याने जमिनीचे मोल वाढते तसा तिच्या धारणेचा अधिकार आखडतो, आणि हे तत्त्व न्याय्यच म्हटले पाहिजे. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची जमीन स्लॅबप्रमाणे घेऊन धरणग्रस्तांस देण्याची तरतूद करणारा पुनर्वसन कायदा मात्र १९७६ चा. भाटघरच्या विस्थापितांना तोवर अर्धशतक लोटले होते.

वहिवाटीचा प्रश्न याहून दुर्लक्षित राहिला. दुसऱ्याच्या शेतातून पाट नेण्यास जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम ४९ चा, तर बांधावरून रस्ता मिळण्यास कलम १४३ चा आधार असून, दोन्ही बाबतींत तहसीलदार चौकशी करून निर्णय देतो. परंतु जलाशय फुगल्यावर बांधासह वाटच बुडते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, एकाच मालकाची जमीन तुटून अलग पडल्यास त्या नुकसानीची भरपाई होती. ज्याचा एक गुंठाही संपादित झाला नाही, पण ज्याच्या डोंगरउतारावरील शेताची पायवाट पाण्याखाली गेली, तो त्या तरतुदीत बसत नव्हता. जलाशयाची उंची वाढविताना अशा तुटलेल्या वाटांची मोजणी बुडीत सर्व्हे नंबरांइतक्याच काटेकोरपणे होणे, आणि पर्यायी रस्ता पाणी अडविण्यापूर्वी तयार असणे, अत्यावश्यक आहे.