'हंटर एक्स हंटर'चा किमेरा अँट आर्क: कुणी डोक्यावर घेतो, कुणी मध्येच सोडतो, असं का?

अॅनिमेवाल्या मित्रांच्या ग्रुपमध्ये एकदा 'किमेरा अँट' एवढे दोन शब्द टाकून बघा. अर्धे लोक सांगतील की शोनेन मांगामध्ये यापेक्षा भारी काही झालेलंच नाही. उरलेले म्हणतील, "भाऊ, मी तर तिथेच सोडला." गंमत म्हणजे दोन्ही गटांची कारणं जवळपास सारखीच असतात. ती कारणं काय आहेत, तेच आज बघूया.

आधीच सांगतो, पुढे सगळे स्पॉयलर आहेत. शेवटासकट.

आधी थोडी पार्श्वभूमी

योशिहिरो तोगाशी यांची 'हंटर एक्स हंटर' ही मांगा 1998 च्या मार्चमध्ये जपानच्या 'वीकली शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली. (नावातला 'एक्स' लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. आपण सगळेच उच्चारतो, ते सोडा.) गॉन नावाचा मुलगा आपल्या बापाला शोधायला घराबाहेर पडतो आणि किलुआ, कुरापिका, लिओरिओ हे तिघे त्याचे दोस्त होतात, अशी ही गोष्ट. महाभारतात जशी पर्वं असतात, तसे मोठ्या मांगामध्ये 'आर्क' असतात. किमेरा अँट आर्क चॅप्टर 186 पासून 318 पर्यंत चालतो, म्हणजे तब्बल 133 चॅप्टर. साप्ताहिकात तो 2003 ते 2011 असा रखडत छापला गेला. मॅडहाउस स्टुडिओने 2011 मध्ये सुरू केलेल्या अॅनिमेत त्याचे 61 एपिसोड झाले, 76 ते 136.

गोष्ट अशी. किमेरा अँट ही मुंग्यांची एक जात आहे. तिची राणी जे खाते, त्याचे गुण तिच्या पुढच्या पिल्लांमध्ये उतरतात. माणसाएवढी एक राणी समुद्रातून वाहत एका बंदिस्त देशाच्या किनाऱ्याला लागते आणि माणसं खायला लागते. मग तिची पिल्लं बोलायला, हेवा करायला, आठवणी काढायला लागतात. शेवटी राजा जन्मतो, मेरुएम. तो आईचं पोट फाडूनच बाहेर येतो. मग पिटू, पूफ आणि युपी या तीन अंगरक्षकांना घेऊन तो पूर्व गोर्तो नावाचा देश ताब्यात घेतो. तिथल्या 50 लाख लोकांना राजवाड्यासमोर आणायचं, त्यातून कामाचे तेवढे निवडायचे आणि बाकीचे मरू द्यायचे, असा त्याचा बेत असतो.

भांडणाचं मूळ: घड्याळ

हंटर्सची टीम मध्यरात्री राजवाड्यावर हल्ला करते आणि तिथून गोष्टीची चाल बदलते. सेकंदासेकंदाचा हिशोब सुरू होतो. जिना चढायला लागणाऱ्या वेळात निवेदक आपल्याला कुणी काय पाहिलं, काय गृहीत धरलं आणि ते कुठे चुकलं, हे सांगत राहतो. प्रत्यक्षात काही मिनिटांत घडणाऱ्या प्रसंगासाठी अॅनिमे एपिसोडमागून एपिसोड खर्च करतं.

मी स्वतः पहिल्या वेळी इथेच थांबलो होतो. पात्रं बोलत नाहीत, निवेदकच बोलतोय, म्हटल्यावर हे अॅनिमे आहे की रेडिओवरची कॉमेंट्री, असं वाटलं होतं.

दुसऱ्यांदा बघितल्यावर लक्षात आलं की हा हल्ला बाहेरून दाखवून चाललंच नसतं. इथे सात-आठ लोक एकाच क्षणी वेगवेगळ्या खोल्यांत आहेत आणि प्रत्येकाकडे वेगळी, अर्धवट माहिती आहे. योजना महिनाभर आखलेली, पण पहिल्या काही सेकंदांतच ती कोलमडते. कारण राजा जिथे असेल असं सगळ्यांनी धरलेलं असतं, तिथे तो ज्या अवस्थेत सापडतो त्याची कल्पना कुणीच केलेली नसते. तो एका जखमी मुलीला उचलून धरून बसलेला असतो. शत्रू कोण आणि आपण कोण, हा घोळ सेकंदांत मोजल्यामुळेच अंगावर येतो.

तरीही तक्रार पूर्ण खोटी नाही. पूफचं वातावरण नुसतं जाणवल्यावर नोवसारखा मुरलेला हंटर इतका खचतो की पुन्हा आत पाऊल टाकायची त्याची हिंमत होत नाही. तोगाशींनी त्याच्या चेहऱ्यातच ते सगळं दाखवलंय. अशा ठिकाणी चित्र जे सांगून मोकळं झालंय, तेच निवेदक पुन्हा शब्दांत सांगतो, आणि तिथे तो खरंच नको वाटतो.

राजा आणि गहू

आर्कचा जीव मात्र लढाईत नाहीच. मेरुएमला कंटाळा येतो म्हणून तो देशातल्या एकेका खेळाच्या चॅम्पियनला बोलावून त्याच्याच खेळात हरवतो आणि मारून टाकतो. शोगी झाला, गो झाला. मग 'गुंगी' नावाच्या काल्पनिक पटखेळासाठी कोमुगी येते. आंधळी, शेंबडी, खेळ सोडून काहीच न येणारी पोरगी. जपानीत कोमुगी म्हणजे गहू. ती हरतच नाही. राजा जितका शिकतो, तितकी तीही पुढे जाते.

तिला डळमळीत करायला तो पैजेचा विषय काढतो. पणाला काय लावणार, असं विचारल्यावर ती सरळ जीव लावते, कारण खेळात हरली तर तिच्याकडे उरणार काय? तो तर तिचा फक्त हात मागणार होता. आपण पणाला काहीच लावलं नव्हतं, याची त्याला इतकी लाज वाटते की तो स्वतःचाच हात उपटून टाकतो. दुसऱ्या एखाद्या मांगात व्हिलन 'सुधारायला' पाच पानांचा दुःखद भूतकाळ लागला असता. इथे त्याला भूतकाळच नाही, जन्मून महिना-दोन महिने झालेत. तो पटासमोर बसून बदलतो.

दुसऱ्या बाजूला माणसांचा सर्वोत्तम योद्धा उभा आहे, हंटर असोसिएशनचा चेअरमन नेटेरो. वयाच्या 46 व्या वर्षी त्याने रोज 10,000 वेळा हात जोडून, कृतज्ञता मानून ठोसा मारायचं व्रत घेतलेलं. सुरुवातीला त्यात अख्खा दिवस जायचा, नंतर तासाभराच्या आत व्हायला लागलं. उरलेल्या वेळात तो प्रार्थना करायचा. त्याची शक्ती गुआनयिन बोधिसत्त्वाच्या प्रचंड मूर्तीच्या रूपात प्रकटते. (हा गुआनयिन म्हणजे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. तो इथे ठोसे मारतो.)

इतकी साधना करूनही नेटेरो हरतो. आणि मग हृदय थांबताच फुटेल असा छातीत ठेवलेला बॉम्ब फोडतो. 'मिनिएचर रोझ'. स्वस्त, लहान, हुकूमशहांच्या आवडीचा, आणि जिवंत उरलेल्यांना विषबाधा करून एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारा. स्फोटाचा ढग गुलाबासारखा दिसतो. जपानी लेखकाने हे चित्र काढताना कुठला ढग डोळ्यांसमोर ठेवला असेल, ते सांगायला नको. मुंग्यांचा राजा एका मुलीमुळे बोलणी करायला तयार झालेला असतो, आणि माणूस मात्र घरून निघतानाच छातीत बॉम्ब घेऊन निघालेला असतो.

इथे काही वाचक म्हणतात की ही पळवाट आहे, राजाला हरवायचा मार्ग लेखकाला सापडला नाही. मला ते पटत नाही. नायकाने जोर लावून जिंकायचं, हा या प्रकारच्या मांगाचा करार असतो आणि तोगाशींनी तो जाणूनबुजून मोडलाय.

मग गॉनचं काय?

गॉनला आपल्या गुरुस्थानी असलेल्या काइटचा सूड घ्यायचाय. काइटला मारणारा अंगरक्षक पिटू समोर सापडतो तेव्हा राजाच्या हुकमावरून जखमी कोमुगीवर उपचार करत असतो. पिटू गुडघे टेकून विनवतो, स्वतःचा हात मोडून दाखवतो. आणि आपला गोड हिरो एका बेशुद्ध मुलीच्या जिवाची धमकी देतो, किलुआलाही लागेल असं बोलतो. पुढे काइट कधीच मेलाय हे कळल्यावर तो स्वतःचं सगळं भविष्य जाळून ताकद मिळवतो आणि पिटूला ठेचतो. ते बघून आनंद होत नाही, भीती वाटते. हे जमून आलंय.

पण इथेच अॅनिमेची एक मोठी चूक आहे. मांगाच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये लहानग्या गॉनला काइट वाचवतो. 2011 च्या अॅनिमेने तो भाग सुरुवातीला गाळला आणि काइटला थेट या आर्कच्या तोंडावर आणलं. त्यामुळे फक्त अॅनिमे बघणाऱ्याला प्रश्न पडतो की हा माणूस आत्ता तर आला, याच्यासाठी गॉन इतका का वेडा होतोय?

आणि मूळ मांगाचाही दोष आहेच. काइट मुंगीच्या रूपात पुन्हा जन्म घेतो, आणि पुढच्याच आर्कमध्ये गॉनचं शरीर बरं होतं. इतकी भयानक किंमत मोजायला लावून मग पावती परत घेतल्यासारखं वाटतं.

बाकी दुखणी

राजवाड्याआधीचा मधला भाग लांबलाय. मुंग्यांचे सरदार इतके येतात की नावं लक्षात राहत नाहीत. कुरापिका आणि लिओरिओ तर पूर्ण आर्कभर गायब. साप्ताहिक वाचणाऱ्यांसाठी ही गोष्ट वर्षांची होती, कारण 2006 च्या सुरुवातीपासून 2007 च्या ऑक्टोबरपर्यंत मांगाच बंद होती. तोगाशींची कंबर आता जगजाहीर आहे. त्या काळात काही पानं कच्च्या रेघोट्यांतच छापली गेली आणि पुस्तकरूपात ती नीट करावी लागली.

मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पूर्व गोर्तो हा उघडउघड उत्तर कोरियावरून बेतलेला देश आहे. तिथल्या 50 लाख लोकांच्या जिवासाठी ही सगळी मोहीम. पण त्या लोकांमधला एकही चेहरा आपल्याला ओळखीचा होत नाही, कोमुगी सोडली तर. मुंग्यांना माणूस करण्यात लेखक इतका रमला की माणसं मागे रांगेतच उभी राहिली.

बघायचं की वाचायचं?

हल्ल्याचा भाग मांगात वाचा. सेकंदांचा तो खेळ तुमच्या वेगाने चालतो आणि निवेदकाचा त्रास निम्मा होतो. नेटेरोची लढाई अॅनिमेतच बघा. शेवट परत मांगात. बॉम्बच्या विषाने मेरुएमची नजर जात असते. कोमुगीलाही आता तेच विष चढणार, हे तो तिला सांगतो आणि ती तरीही पट मांडते. तोगाशींनी तिथे चौकटीच काळ्या केल्यात, चित्र नाही, फक्त बोलणं. आंधळ्या मुलीला जसं जग कळतं तसंच आता राजाला कळतंय, आणि वाचणाऱ्यालाही. तो पुन्हा पुन्हा तिला विचारत राहतो, ती तिथेच आहे ना. ती उत्तर देते आणि पुढची चाल सांगते.